जावळ्यातली पाडी

ज्या दिवशी आमच्या पवळीला जावळी वासरं झाली, एक पाडी आणि एक खोंड, त्या दिवशी माझं लग्न ठरलं.

जावळी म्हणजे जुळी. आमच्याकडं जुळी कुणी म्हणत नाही. पवळी ही गाय. मी नंदिगड्ड्याची. गाव म्हणजे काय, चार घरं इकडं, चार घरं टेकडीच्या पलीकडं, मधे रान, आणि रानात जिथं सपाटी सापडली तिथं भाताची खाचरं. माझा बा भात करायचा आणि पाऊस सरला की लाकूडतोडीला जायचा. आमच्याकडच्या गाई तुम्ही बघितल्याच आहेत, बुटक्या, काळ्या, दिवसभर रानात चरून सांजेला आपापल्या घरी येणाऱ्या. त्या पाळायच्या शेणासाठी. गोठ्यात रानातला पाला अंथरायचा, त्यावर गाई बसायच्या, शेण टाकायच्या, ते कुजलं की खाचरात. दुधासाठी गाय पाळायची हे आमच्या गावाला ठाऊकच नव्हतं. वासरू पिऊन उरलं तर तांब्याच्या बुडाशी थोडं असायचं, ते लहान पोराच्या पेजेत जायचं, मोठ्यांनी दुधाचं नाव काढायचं नाही.

पवळी आमच्यातली नव्हती. बा एकदा लाकडाच्या गाड्यांबरोबर लोंढ्याला गेला होता, तिथं कुण्या गाडीवानानं एक लंगडी गाय वाटेत टाकून दिली होती, तांबडी, उंच, देशावरची. बानं विचारलं, नेऊ का, तो म्हणाला, ने बाबा, वाटेत मरंल. ती मेली नाही. बानं तिच्या पायाला पाला बांधला, तिच्या चालीनं चालत तिला रानातून घरी आणलं, आणि पुढं ती व्याली तेव्हा माझी आई धार काढायला तांब्या घेऊन बसली ती तांब्या भरून फेस वर आला तरी धार थांबेना, तशी आई घाबरून उठली आणि तिनं बाला हाक मारली. काय सांगू तुम्हाला, टेकडीपलीकडची माणसं आमच्या गोठ्याच्या दारात उभी राहून धार बघायला यायची. बा म्हणायचा, रानात कसलं सोनं नाणं, माझं सोनं दावणीला हाय.

माझी सासू मला बघायला आली ती नेमकी त्या दिवशी आली, ज्या दिवशी पवळीला जावळं झालं. सासूला आमच्यात आत्या म्हणतात, मीही म्हणायची. त्यांचं घर काळी नदीच्या पलीकडं, जगलबेटच्या बाजूला, पण मूळचे ते खानापुराकडचे, आणि ते त्या कधी विसरायच्या नाहीत. आम्हाला त्या रानातली म्हणायच्या. अंगणात आल्या, मला एकदा वर खाली बघितलं, नाव विचारलं, आणि गोठ्यात गेल्या. मी दाराआड उभी. माझ्याकडं त्यांनी बघितलं त्याच्या कितीतरी पट त्या पवळीच्या कासेकडं बघत बसल्या. चारही सड हातानं चाचपले, शीर कुठून कुठं गेली ते बघितलं, मग वासरांकडं वळल्या. म्हणाल्या, पोरगी बरी हाय, चालंल, पर ही पाडी तिच्या संगं आली पायजे.

बाच्या जिवावर आलं. पवळीची पहिली पाडी होती ती. त्यानं हात जोडले, म्हणाला, वयनी, पाडी माझ्या दावणीला राहू दे, खोंड न्या तुम्ही, त्योबी पवळीचाच हाय, तिचंच रगत हाय. तशा आत्या मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, खोंड नेऊन काय करू, त्याला पिळू? सगळे हसले. बाही हसला. मीही दाराआड हसले, कारण ते हसण्यासारखंच होतं, बैलाला कुठं दूध असतं.

तर पाडी माझ्याबरोबर निघाली. लग्न झालं तोवर ती चांगली वाढली होती. नदीवर आलो तर ती नावेत चढेना. नवरी नावेत बसली आहे, वऱ्हाड काठावर उभं आहे, आणि माझे मालक धोतर खोचून पाडीचा कान धरून तिला ओढतायत. वऱ्हाडातली एक म्हातारी म्हणाली, अगं, ह्यानं हात धरायचा कुणाचा हुता आणि धरलाय कुणाचा बघा. तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. लाजले होते. माणूस वाईट नव्हता. सगळ्या जन्मात माझ्यावर त्यांनी हात उगारला नाही, आणि माझ्या बाजूनं एक शब्दही काढला नाही.

सासरच्या दारात आत्यांनी आधी पाडीला ओवाळलं, मग मला. पाडीचं नाव ठेवलं लक्षुमी. आणि तिथंच, सगळ्या बायकांच्या देखत, त्यांनी गावदेवीला नवस बोलला, की ही लक्षुमी पहिल्यांदा व्याली की तिची ओटी भरीन आणि त्याच दिवशी, त्याच सुपातल्या तांदळानं सुनेची ओटी भरीन, दोघींची एकदम. आमच्यात पहिलटकरीण गाईची ओटी भरतात, शिंगाला खण बांधतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, त्यात काही नवीन नव्हतं. पण सुनेची ओटी गाईच्या ओटीला बांधलेली मी कुठं ऐकली नव्हती. बायकांना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, आत्याबाईंचं डोकं बघा. त्या बोलण्यानं माझं काय होणार हे कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. त्या दिवसापासून कुठल्याही घरी हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या आणि ओटीचे तांदूळ आपल्या हातातच ठेवायच्या, म्हणायच्या, तुझी नवसाची हाय न्हवं, ती आदी होऊ दे. आणि मला सरळ कुणी काही विचारायचं नाही. विचारायचं ते, लक्षुमी कधी? व्हय गं, लक्षुमीचं काय हाय का? मी म्हणायची, अजून न्हाई.

लक्षुमी वाढली, पण कालवड वाढते तशी नाही. मान जाड झाली. कपाळावरचे केस राठ झाले. हंबरली की लांबून वाटायचं बैल हंबरला. कास मात्र जिथल्या तिथं, सड वाटाण्याएवढे. कालवड माजावर येते तेव्हा ओरडते, दावं तोडते, खात नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळतं, पण लक्षुमीनं एक दिवस खायचं सोडलं नाही. आत्या म्हणायच्या, लाजाळू हाय. माझ्याबद्दलही आधी आधी त्या असंच म्हणायच्या.

मग गावच्या देवाच्या वळूकडं तिला नेलं. देवाचा वळू कसा असतो ते सांगते. खोंड अंगानं चांगला निघाला की त्याला खच्ची करून नांगराला लावायचा, कारण नांगर ओढायचाय. आणि घरात जो मरतुकडा असेल, ज्याच्याच्यानं काही होणार नाही, तो देवाच्या नावानं सोडायचा. तोच मग गावातल्या सगळ्या गाईंचा धनी. आमच्याकडच्या गाईंना दूध का नाही म्हणून माणसं गाईंना शिव्या घालायची. तर त्या वळूनं लक्षुमीला हुंगलं आणि तोंड फिरवलं. आत्या म्हणाल्या, त्येच्यात दम न्हाई, दुसरा बगा.

दुसरा वळू गुंद गावात होता, एका बऱ्या घरी, मोठा वळू, आसपासची माणसं गाई घेऊन तिथंच जायची. मालक तिला घेऊन चालत गेले, तिथं मुक्काम केला, परत आले. काही नाही. आत्या म्हणाल्या, त्यो वळू लई लोकांनी वापरून झिजलाय.

तिसरा वळू नंदिगड्ड्याचा. तो म्हणजे लक्षुमीबरोबर जन्मलेला खोंड. पवळी पुढच्याच वर्षी रानात साप चावून गेली होती, आणि तिची एवढीच खूण राहिली म्हणून बानं त्याला खच्ची करू दिलं नव्हतं. आत्यांनी सांगितलं, तिथं न्या. लक्षुमी एकटी वाट चालत नसे म्हणून सोबतीला आमची म्हातारी गाय ढवळी घेतली. बानं लक्षुमीला ओळखलं, तिच्या मानेवर हात फिरवला, आणि मालकांना म्हणाला, जावई, भाऊ लागतो की ओ हिचा. मालकांनी आत्यांनी शिकवलेलं सांगितलं, जनावरात कसला भाऊ. भावानंही हुंगलं आणि तोंड फिरवलं. ढवळी मात्र माजावर होती, तिचं तिथं जमून गेलं, त्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण तिच्यासाठी कुणी गेलंच नव्हतं.

हे चाललं होतं तोवर माझंही चाललंच होतं. मुळी उगाळून प्यायची, ती इतकी कडू की दुपारपर्यंत तोंडाला चव नसायची. सोमवार धरला, शनिवार धरला. ओलेत्यानं देवीच्या भोवती फिरले. एका बाईनं सांगितलं म्हणून माझ्या पोटाला शेक दिला, त्याचा डाग अजून आहे. मी सगळं केलं. न करून सांगते कुणाला. आणि एक सांगते, तेव्हा मला आत्यांचा रागही नव्हता. त्या वाट बघत होत्या, मीही वाट बघत होते. आम्ही दोघी मिळून लक्षुमीच्या कासेकडं बघायचो.

आमच्या रानात गवळी असतात, म्हशी घेऊन राहणारे, त्यांच्यातली सगू म्हणून एक बाई लोणी द्यायला यायची. एकदा मी रानात गोठ्यासाठी पाला तोडत होते, लक्षुमी जवळच चरत होती, आणि सगू डोक्यावर बुट्टी घेऊन त्या वाटेनं आली. टेकली, पान काढलं. लक्षुमीकडं बघत बघत म्हणाली, हा बैल कुणाचा? मी म्हटलं, बैल न्हाई, गाय हाय, माझ्या माहेरची. तशी ती उठली, लक्षुमीच्या मागं गेली, शेपूट वर करून बघितलं, आणि परत येऊन बसली. म्हणाली, ही जावळ्यातली हाय व्हय? संगं खोंड हुता? मी म्हटलं, व्हय, तुला कसं कळलं. ती म्हणाली, त्यात काय कळायचं, खोंडासंगं आईच्या पोटात राहिली की पाडी अशीच हुते, आतनं काय ऱ्हातच न्हाई तिच्यात, भाऊ हिचा वाटा पोटातच खातो. म्हशीतबी हुतं कवा कवा. एखादी सुटती, लाखात. हिची मान बघ की. हिची वाट बगू नगा.

असं म्हणून तिनं पान थुंकलं आणि लोण्याला यंदा गिऱ्हाईक कसं कमी आहे ते सांगायला लागली.

मला तिचं पुढचं काही ऐकू येईना. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. मला वाटलं, सुटले. गाय शापाची नाही, देवीचा कोप नाही, माझ्या पायगुणाचं काही नाही, हे सगळं पवळीच्या पोटातच होऊन गेलेलं आहे, माझं लग्न ठरायच्याही आधी. मग ज्या गाईला होणारच नाही तिला बांधलेला नवस कसला? तो सुटला. आता माझी ओटी माझी. अर्धा पाला तिथंच टाकून मी घरी आले.

आत्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी सगूनं सांगितलं ते सगळं सांगितलं, धापा टाकत, एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. म्हणाल्या, बरं झालं कळलं, मी उगंच आस लावून बसले हुते, ती जलमाचीच वांझ हाय.

मी म्हटलं, व्हय आत्या.

मग त्यांनी माझ्याकडं वर बघितलं आणि म्हणाल्या, आणि तू गं? तुझ्यासंगं कोण जावळं हुतं?

मी टाकून आलेला पाला आणायला परत रानात गेले. मला तेव्हा कळलं नाही, नंतर कितीतरी दिवसांनी कळलं, की जोवर गाय फळेल असं त्यांना वाटत होतं तोवर मलाही मुदत होती. गाईची मुदत मी माझ्याच तोंडानं संपवली आणि तिच्याबरोबर माझीही संपली. सगूनं खरं तेच सांगितलं होतं. खऱ्यानं माझं असं झालं.

भात मळून झालं आणि मालकांचं दुसरं लग्न झालं. मुलगी कुठली म्हणाल, तर गुंदची, त्याच घरची, जिथं लक्षुमीला वळूकडं नेलं होतं. मालक तिथं मुक्कामाला राहिले होते तेव्हा त्या घरानं त्यांना बघून ठेवलं होतं. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, गेला हुता वळू बगायला आणि आला पोरगी बगून. तिचं नाव रुक्मी. माझ्याहून पुष्कळ लहान. हळद मीच लावली, जेवण मीच रांधलं. तिची ओटी आत्यांनी पहिल्याच दिवशी भरली, नवस बिवस काही नाही, नारळ घातला, खण घातला, पदराची गाठ बसेना इतके तांदूळ घातले. मी तिथंच समई घेऊन उभी होते.

बा आला होता मला न्यायला. म्हणाला, चल, पोरी. पण घरात भावजय आली होती, आई नव्हती, आणि परत आलेल्या बाईला माहेरी कुठल्या कोपऱ्यात जागा असते ते मी आमच्याच गावात बघितलं होतं. मी म्हटलं, बा, तू लक्षुमीला परत नेशील का? तो गोठ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, मग मलाबी हितंच राहू दे. तो लक्षुमीच्या मानेवर हात फिरवून गेला. नंतर फार दिवस जगला नाही.

त्याच पावसाच्या आधी बुळकांडी आली. गुरं हागून हागून आडवी पडायची. आमच्या जोडीतला एक बैल गेला. लक्षुमीला काही झालं नाही, ढवळीला नाही, ढवळीच्या पोटच्या पाडीलाही नाही. पेरणी तोंडावर आणि एका बैलावर नांगर चालत नाही, कुणाकडं मागावा तर प्रत्येकाच्या घरात तीच गत. तेव्हा आत्यांनी लक्षुमीला जू लावायला सांगितलं. गावातले दोन जाणते चालत आले, म्हणाले, वयनी, गाईच्या मानेवर जू ठेवत न्हाईत, पाप हाय, गावाला लागंल. आत्या म्हणाल्या, गाय कुठं हाय ती. गाय असती तर मी ठेवलं असतं का? ते लक्षुमीकडं बघत राहिले, आणि मग गेले. मला वाटतं, त्यांना ते पटलं.

लक्षुमी नांगराला चांगली चालली. त्याची मला लाज वाटायची, तिला नाही. मी पुढं दावं धरून चालायची, मागं मालक, बांधावर माणसं उभी. पोरंटोरं हसायची. एकानं विचारलं, दोगींतली नांगराला कुठली आणि पुढं कुठली? मी मागं वळून बघितलं नाही. मालकांनीही त्याला काही म्हटलं नाही, त्यांनी लक्षुमीला हाक दिली आणि नांगराचं तास पुढं नेलं. आम्ही खाचर पुरं केलं. त्या साली भात आमच्या घरात आलं ते तिच्यामुळं आलं, हे आत्यांनी कधी म्हटलं नाही.

रुक्मी मला अक्का म्हणायची. पहिली पहिली मी तिच्याशी बोलायची नाही. मग एके सकाळी ती चुलीपुढं बसून मुळी उगाळत होती, तीच मुळी, तोच दगड, आणि उगाळता उगाळता तिला उमासा आला. मी तिच्या हातातून दगड घेतला आणि उगाळून दिली. तिनं नाक धरून घेतलं. तिलाही दिवस गेले नव्हते. वर्ष सरलं, आणखी सरली. आत्यांचं बोलणं आधी तिच्याशी मऊ होतं, मग कोरडं झालं, मग ते माझ्याशी होतं तसं झालं. त्यात त्या कधी म्हणायच्या, थोरलीनं काहीतरी केलंय हिच्यावर, कधी म्हणायच्या, हिच्याच घराण्यात खोट असंल. त्यांच्या तोंडात एकच शब्द होता आणि तो कुणाकडं टाकायचा एवढंच त्या रोज ठरवायच्या.

आता ढवळीच्या पाडीचं सांगते, म्हणजे नंदिगड्ड्याच्या वळूपासून ढवळीला झालेली ती. ती पाडी तांबडी निघाली होती, उंच, पण ढवळीची म्हणून कुणी तिच्याकडं बघितलं नव्हतं, कारण ढवळी आमच्यातलीच, शेणाची गाय. ती मोठी होऊन व्याली. रुक्मी धार काढायला बसली ती चरवी भरली आणि फेस काठावरून ओघळला. मी बघितलं आणि मला माझी आई दिसली. ती पवळी होती, दुसरं काही नाही. पवळीची कास, पवळीची शीर. खोंडाला पिळू का म्हणून ज्याला हसले होते, त्यानं आईचं दूध अंगात धरून ठेवलं होतं आणि लेकीला दिलं होतं. नंदिगड्ड्यातही घरोघरी हेच झालं होतं, त्या वळूच्या लेकी जिथं जिथं होत्या तिथं चरव्या भरत होत्या. आणि इकडं त्याच्याच बहिणीच्या, आमच्या लक्षुमीच्या, मानेवर जू.

खरवस केला. शेजारच्या बायका आल्या, पडवी भरली. आत्या फार खुशीत होत्या. म्हणाल्या, ढवळीनं नाव काढलं बगा, म्हातारपणी असली पाडी दिली. बायका म्हणाल्या, ढवळीची पुण्याई. वळूचं नाव कुणी घेतलं नाही. दूध आलं तर गाईचं नाव, नाही आलं तरी गाईचंच. माणसांत तेवढंही नाही, मूल झालं तर ते बापाचं, न झालं तर आईचा दोष.

मालक पडवीच्या कडेला बसले होते, चरवी पायाशी. रुक्मी सगळ्यांना खरवस वाढत होती. ती आत्यांच्या पुढं वाकली, तशा आत्या बायकांना म्हणाल्या, बगा, मुकं जनावर बी फळलं, आणि आमच्या घरात दोन वांझोट्या बसून खात्यात.

रुक्मीचा हात तिथंच थांबला. ती माझ्याकडं बघत नव्हती, कुणाकडंच बघत नव्हती, ताटलीकडं बघत होती. मी मोठ्यानं बोलले नाही. मला मोठ्यानं बोलता यायचंच नाही.

मी म्हटलं, आत्या, लक्षुमीसाठी तुम्ही तीन वळू बदललेत.

एवढंच म्हटलं. पुढचं म्हणायची गरज पडली नाही. एका बाईनं पदर तोंडाला लावला. एक हसली आणि हसू मधेच गिळलं. आत्या म्हणाल्या, खरवस गार हुतोय, खावा. मालक उठले. चरवी न सांडता त्यांनी उचलली, आत नेऊन ठेवली, आणि मागच्या दारानं गोठ्यात गेले.

त्या दिवसानंतर तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. तुम्हाला वाटेल, मी जिंकले. काय जिंकले? आत्या मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, पाणी हवं असलं तर भिंतीकडं बघून मागायच्या. मालक गोठ्याच्या माळ्यावर निजायला लागले ते शेवटपर्यंत. गावात बायकांनी ते वाक्य घरोघरी नेलं, त्यावर हसल्या, आणि हसून झाल्यावर पुन्हा आम्हालाच पाचवीच्या घरी बोलवायचं बंद ठेवलं. मालकांचं नाव गावानं घेतलं नाही. पुरुषाला त्यासाठी शब्दच नाही हो आमच्यात. बाईला आहे, गाईला आहे, झाडाला आहे, जमिनीला आहे. त्याला नाही. मला त्या बोलण्याचा पस्तावा नाही. पण त्यानं मला काही मिळालंही नाही, फक्त रुक्मी मिळाली.

लक्षुमी म्हातारी होऊन गेली. कातड्यासाठी माणसं आली होती, मालकांनी त्यांना परत पाठवलं आणि खाचराच्या बांधाला स्वतः खड्डा खणला. आईला अग्नी दिला तेव्हा ते रडले नव्हते. तिथं रडले. मी लांब उभी होते. मला एकदा वाटलं जवळ जावं, पण गेले नाही, कारण माझ्याकडं सांत्वनाचा शब्द नव्हता आणि त्यांच्याकडंही माझ्यासाठी कधी नव्हता. दोन पावसांनी ते हिवतापानं गेले. शेवटी शेवटी तापात ते एक नाव घ्यायचे, पण कुणाचं ते आम्हा दोघींना कळलं नाही. पाणी भावकीतल्या पुतण्यानं पाजलं. तो आता वरचेवर येतो, खाचराच्या बांधावरून फिरतो, झाडं बघतो, काकी बऱ्या हायसा न्हवं, असं विचारतो. आम्ही म्हणतो, हाय बाबा, अजून हाय.

रुक्मीनं मला परवा विचारलं. भात सडत होतो. म्हणाली, अक्का, आपल्याला दुसरीकडं दिलं असतं तर झालं असतं का गं? मी म्हटलं, कुणाला ठाऊक. ती म्हणाली, तुला एक, मला एक, तरी झालं असतं. मी म्हटलं, झालं असतं तर तू मला अक्का म्हणायला कुठं आली असतीस. ती हसली, आणि मुसळ माझ्या हातात दिलं.

आता रुक्मीला डोळ्यांनी कमी दिसतं, धार ती हातानं चाचपून काढते. माझे गुडघे धरलेत, मी गोठ्यात उतरत नाही, पडवीतून तिला सांगते. दावणीला तीन गाई आहेत. दूध आम्हा दोघींना जास्त होतं, उरलेलं गावात पोरांच्या घरी देतो, ते घेतात.

मालक नाहीत. आत्या नाहीत. घरात रुक्मी आहे आणि मी आहे.